आईसाठी मराठी मिस्सा हवी आहे (मुक्काम कॉर्क, मूळ गाव नागपूर)

टेकडीखालचा

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी वाढलेला कॅथलिक. सहा वर्षं झाली, आयर्लंडमध्ये कॉर्कला आहे. आई सप्टेंबरात तीन महिन्यांसाठी आली आहे. वय ७४. मराठी घरची, हिंदी बाजारापुरती, इंग्रजी मुळीच नाही.

इथे चर्चची ददात नाही, घरापासून चालत तीन आहेत. पण रविवारी मिस्सेला (म्हणजे चर्चमधल्या उपासनेला) आई माझ्या शेजारी गप्प बसते. सगळे उठले की उठते, सगळे बसले की बसते. नागपूरला ही बाई 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' इतक्या मोठ्यांदा म्हणायची की पुढच्या बाकावरचे वळून बघायचे. गेल्या रविवारी घरी येताना म्हणाली, "देवाला समजते रे. मलेच समजत नाही."

आयर्लंडमध्ये कुठे मराठी मिस्सा होते का? डब्लिनला असली तरी चालेल, गाडीने अडीच-तीन तास, नेईन. नसेल तर बाकीच्या देशांत तुम्ही लोक काय करता?

तर्रीपोहे

काऊन भाऊ, तिथं धड संत्रं भेटत नाही, तं मिस्सा कुठून भेटन? (हलके घ्या)

केळीचीवाडी

वसईहून लिहितेय. आयर्लंडचं माहीत नाही, पण एक उपाय लगेच सांगते. रविवारची वाचनं जवळपास सगळीकडे सारखीच असतात. अ, ब, क असं तीन वर्षांचं चक्र आहे. कॉर्कला या रविवारी जे शुभवर्तमान वाचतील तेच वसईत आणि तेच तुमच्या नागपूरच्या सदर भागातल्या कॅथेड्रलमध्ये. शनिवारी रात्री आईंना ती वाचनं मराठीत वाचून दाखवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' मागवून घ्या, भाषा खरंच सुबोध आहे. मग दुसऱ्या दिवशी शब्द कळले नाहीत तरी काय चाललंय ते कळतं.

आणि एक सांगू? आमच्याकडे चर्चमध्ये प्रमाण मराठी आणि घरात सामवेदी बोली. माझी आजी मिस्सा मराठीत ऐकायची आणि रागवायची सामवेदीत. तिला विचारलं असतं तर 'आपल्या भाषेतली मिस्सा' तिनेही कधी ऐकली नव्हती.

टेकडीखालचा

वाचनांचं डोक्यातच आलं नव्हतं. आजपासून सुरू. आभार.

नेकारकाठी

स्टुटगार्टहून. इथे परभाषिकांसाठी धर्मप्रांतानेच वेगळे धर्मग्राम (पॅरिश) चालवलेले आहेत: क्रोएशियन, इटालियन, पोलिश, पोर्तुगीज. मराठी अर्थातच नाही. ज्यांची डोकी हजारांत, त्यांना फादर. आपण मोजून अकरा.

नव्याने येणाऱ्यांसाठी मात्र एक सावधगिरीची सूचना. जर्मनीत आल्यावर पत्ता नोंदवायला जाता तेव्हा फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. मी मोठ्या अभिमानाने 'रोमन कॅथलिक' लिहिलं. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर चर्चचा कर! आमच्या राज्यात आणि बव्हेरियात ८ टक्के, बाकी जर्मनीत ९.

तर्रीपोहे

पगाराच्या ८ टक्के?? आम्ही मंदिरात दहाची नोट टाकताना दोनदा विचार करतो राजेहो.

नेकारकाठी

पगाराच्या नाही, आयकराच्या ८ टक्के. श्वास घ्या. पण कर नको म्हणून सरकारदरबारी चर्चमधून नाव काढलंत, तर जर्मन बिशपांच्या २०१२ च्या आदेशाप्रमाणे पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद दोन्ही बंद. आमच्या बायकोचं म्हणणं, एवढे पैसे भरतोच आहोत तर एक मराठी फादर मागवायला काय हरकत आहे.

कामठीलाईन

टेकडीखालच्या, राग मानू नको, पण एक विचारतो. नागपुरात होतास तेव्हा तू कोणत्या मिस्सेला जायचास? मराठीच्या की इंग्रजीच्या?

टेकडीखालचा

... इंग्रजीच्या. कॉन्व्हेंटचे सगळे मित्र तिथेच असायचे. आई मराठीच्या मिस्सेला जायची, आणि ती परत आल्यावर पोहे व्हायचे तेव्हा मी अंथरुणातून उठायचो. घे, लिहिलं.

कामठीलाईन

लिहिलंस ते बरं केलंस, माझंही तेच होतं. मुद्दा असा की नागपूरच्या कॅथलिकांची एक भाषा कधी नव्हतीच. आमचं घर कामठीच्या छावणीतलं. तिथे मद्रासच्या पलटणी असत. म्हणजे तमिळ शिपाई, त्यांची कुटुंबं आणि गोऱ्या पलटणींतले आयरिश कॅथलिक. त्यांच्यासाठी फादर आले ते फ्रान्सच्या बाजूचे, आनसीचे, संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे. १८४५ च्या सुमारास ते हिंदुस्थानात आले, आधी विशाखापट्टणमला. १८८७ मध्ये त्या धर्मप्रांतातून नागपूर वेगळा झाला. म्हणजे बघा: फादर फ्रेंच बोलणारे, बाकावर आयरिश आणि तमिळ, बाहेर मराठी आणि हिंदी, आणि मिस्सा लॅटिनमध्ये. कोणालाच आपली भाषा नाही. एकदम समता.

आता नागपूरचा पोरगा आयर्लंडमध्ये मिस्सा शोधतोय. दीडशे वर्षांपूर्वी एखादा कॉर्कचा शिपाई कामठीच्या मे महिन्यात घाम पुसत हाच शोध घेत असेल. हिशोब बरोबर.

मोगरा

+१. 'घाम पुसत' ला विशेष +१.

केळीचीवाडी

कामठीलाईन, समता वगैरे ठीक आहे हो, पण लॅटिनचं इतकं कौतुक नको. माझे वडील लहानपणी वेदीसेवक होते. 'मेआ कुल्पा, मेआ कुल्पा, मेआ माक्सिमा कुल्पा' म्हणत छाती बडवायचे. 'माझा अपराध, माझा मोठा अपराध' हा अर्थ कळला चाळिशीत. तोवर त्यांना ते कोणा संताचं नाव वाटायचं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, ते आमच्यासारख्यांसाठी फार मोठं काम झालं.

कामठीलाईन

कौतुक नाही करत, हिशोब सांगतोय. पण संत माक्सिमा कुल्पा आवडली. सण कधी असतो?

चांदावाला

मूळ चंद्रपूर, सध्या शिकागो. आमच्याकडे गंमत उलटी. १९६२ पासून चांद्याकडचं मिशन केरळच्या सिरो-मलबार (कॅथलिकांचीच पूर्वेकडच्या विधीची शाखा) फादरांकडे आहे, १९७७ पासून ती एपार्की, म्हणजे त्यांचा धर्मप्रांत, आहे. म्हणजे मल्याळी फादर मराठी शिकून आम्हाला प्रवचन द्यायचे. एकाची मराठी इतकी पक्की होती की गावकऱ्यांच्या वऱ्हाडी शिव्याही त्यांना कळायच्या, आणि त्यामुळे त्यांच्यासमोर कोणी देत नसे.

शिकागोत २००१ पासून सिरो-मलबार एपार्की आहे. मी तिथेच जातो. मल्याळम येत नाही, पण शेजारच्या नर्स काकू वाकून सांगतात. टेकडीखालच्या, कॉर्कला मल्याळी नर्सेस भरपूर असतील. त्यांच्या कुर्बानाला, म्हणजे त्यांच्या मिस्सेला, आईंना नेऊन बघ. विधी पूर्वेकडचा आहे, क्रम वेगळा वाटेल, पण तुमच्यासारख्या लॅटिन विधीवाल्यांचंही रविवारचं कर्तव्य तिथे पूर्ण होतं. भाषा कळणार नाही, पण चेहरे आणि साड्या ओळखीच्या, आणि नंतर चहा.

टेकडीखालचा

नेलं होतं, दुसऱ्याच आठवड्यात. आईला साड्या आवडल्या, चहा आवडला. कुर्बाना "लय लांब" वाटला. आयरिश मिस्सा रोजच्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते, त्यावर मात्र तिचा आक्षेप उलटा: "एवढ्यात झालं? देवाले घाई आहे का?"

दोहा_डायरी

दोहात आमचा रविवार शुक्रवारी असतो. आठवड्याची सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारीच उरकायची. चर्च २००८ मध्ये झालं. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही, आत मात्र मुंगी शिरायला जागा नाही. मल्याळम, कोकणी, तमिळ, तागालोग, उर्दू असं सगळं चालतं. मी कोकणी मिस्सेत घुसलो. सासरवाडी मडगाव, त्यामुळे साठ टक्के कळतं, चाळीस टक्के सवयीने.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की 'आपली भाषा' म्हणजे आपण ज्या भाषेत चुकतो ती. दुसऱ्यांच्या भाषेत मी फार सावधपणे देवाशी बोलतो. कुमसाराला गेलो की तर फारच.

मोगरा

कुमसार म्हणजे?

दोहा_डायरी

पापनिवेदन, कन्फेशन. कोकणीत कुमसार.

नेकारकाठी

आता खरा विषय निघाला. मिस्सा कोणत्याही भाषेत चालते हो, क्रम पाठ असतो. पापनिवेदन कसं करायचं? मी पहिल्या वर्षी जर्मनमध्ये केलं. तेव्हा मला जर्मनमध्ये एकच पाप सांगता येत होतं, ते म्हणजे 'मी खोटं बोललो'. तर वर्षभर मी फक्त खोटंच बोलत होतो. फादर शेवटी म्हणाले असतील, हा माणूस बाकी संतच दिसतो.

तर्रीपोहे

😂😂 भाऊ, भाषा नाही आली तं पापं कमी होतात, हे आम्हाले कोणी सांगितलंच नाही. मी उद्यापासून जर्मन शिकतो.

केळीचीवाडी

याउलट माझी बहीण मेलबर्नला असते. ती म्हणते, इंग्रजीत बोललं की लाज कमी वाटते. मराठीत जो शब्द ओठावर यायला पाच मिनिटं लागतात तो इंग्रजीत पटकन निघतो, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगतोय. मग ती घरी येते आणि तिला हलकंच वाटत नाही. सुट्टीत वसईला आली की पुन्हा तेच सगळं मराठीत सांगते. फादर म्हणाले, "हे एकदा सांगून झालंय ना?" तर म्हणाली, "सांगून झालंय, पण मला ऐकू आलं नव्हतं."

टेकडीखालचा

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. आईचंही हेच चाललंय बहुतेक. ती दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पापनिवेदनाला जाते, गेली पन्नासेक वर्षं. ऑक्टोबरचा शुक्रवार चुकला.

माजी_सेमिनेरियन

चार वर्षं सेमिनरीत (फादर घडवतात त्या शाळेत) काढून बाहेर पडलो, आता विमा विकतो. पण कायदा अजून आठवतो, म्हणून दोन शब्द.

चर्चच्या कायद्याचा ९९० वा नियम म्हणतो की दुभाष्यामार्फत पापनिवेदन करायला कोणालाही मनाई नाही. आणि दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन आहे, ते ९८३ मध्ये. सक्ती नाही, पण वाट आहे.

दुसरं. ९२८ वा नियम: मिस्सा लॅटिनमध्ये किंवा अन्य कोणत्याही भाषेत करता येते, फक्त प्रार्थनांचे मजकूर रीतसर मंजूर झालेले हवेत. मराठीचे आहेतच. म्हणजे मराठी येणारा एखादा फादर कॉर्कला आला, तर त्याने मराठीत मिस्सा करायला कायद्याची आडकाठी नाही. लागेल ते एवढंच: त्या चर्चच्या फादरांची परवानगी, आणि पाहुण्या फादराकडे आपल्या बिशपांचं किंवा वरिष्ठांचं ओळखपत्र. तुमच्या दिवाणखान्यात नको, चर्चमध्येच मागा. गरज असल्याशिवाय पवित्र जागा सोडून करू नये असाही नियम आहे.

त्यामुळे 'मराठी मिस्सा कुठे आहे' असं शोधत बसू नका, मराठी फादर शोधा. शिकायला आलेले असतात. विद्यापीठांत बघा.

नेकारकाठी

दुभाषा म्हणून मुलाला न्यायचं? आईने मुलासमोर पापं सांगायची? त्यातली निम्मी मुलाबद्दलच्या रागाचीच असणार.

माजी_सेमिनेरियन

म्हणून तर म्हटलं, सक्ती नाही.

टेकडीखालचा

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुह्यासमोर? वेडा आहेस काय." विषय संपला.

पवित्रवस्त्र

मी कॅथलिक नाही, नागपूरच्याच सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) चर्चची आहे, तरी घुसते. आमच्याकडे तर मराठी उपासनेचा वारसा मोठा. कवी ना. वा. टिळक नागपुरात राहत होते, आणि त्यांच्या हातात बायबल पहिल्यांदा आलं ते नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची भजनं आम्ही ओवी-अभंगाच्या चालीवर गातो. फादर मिळेपर्यंत आईंबरोबर घरी भजनं म्हणायला काय लागतं? फादर लागत नाही, परवानगी लागत नाही, विमा विकणाऱ्याला विचारावं लागत नाही.

माजी_सेमिनेरियन

नियम सांगणाऱ्याला टोमणे मारू नयेत असा नियम नाही, हे मान्य.

पवित्रवस्त्र

शिवाय तुमच्या आईंना तोंड उघडून म्हणायला मिळत नाही, हे दुखणं आहे असं मला वाटतं. ऐकायचं नव्हे, म्हणायचं.

मोगरा

मी हिंदू, नागपूर, सध्या न्यू जर्सी. एक भाबडी शंका. तुमच्या गावात महाराष्ट्र मंडळ असेल ना? आम्ही तर गणपतीची आरती मिळावी म्हणूनच मंडळात गेलो.

टेकडीखालचा

मोगरा, शंका भाबडी नाही. गेलो होतो, मंडळाचं नाव लिहीत नाही. दिवाळीचा फराळ उत्तम होता. एका काकूंनी आईला विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतकं छान कसं बोलता?" आई म्हणाली, "तुमी हिंदू असून बोलता ना, तसंच." मी चकली तोंडात घालून दुसरीकडे बघितलं.

पण त्यांना दोष देऊन काय करू? चर्चमध्ये आम्ही भारतीय म्हणजे मल्याळी. मंडळात आम्ही मराठी म्हणजे... विचार करून सांगतो. दोन्हीकडे आधी खुलासा, मग चहा.

मोगरा

वाचून वाईट वाटलं. आईंच्या उत्तराला मात्र दंडवत.

तर्रीपोहे

माय जोरात आहे. तिले विचारा, नागपूरला परत आल्यावर आमच्या वॉर्डात उभी राहते का.

चांदावाला

पवित्रवस्त्र म्हणतात ते बरोबर आहे, म्हणायचं दुखणं. ऑक्टोबर महिना जपमाळेचा. कुठल्या चर्चात मिस्सेआधी जपमाळ होत असेल तर आईंना तिथे बसवा. प्रत्येक 'नमो मारिया'चे दोन भाग असतात, अर्धा एकाने म्हणायचा, अर्धा दुसऱ्याने. आईंनी आपला अर्धा मराठीत म्हटला तर कोण अडवणार?

टेकडीखालचा

(दोन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

चांदावाल्याचं ऐकलं. आमच्याच चर्चमध्ये सकाळी जपमाळ असते, मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. सहा-सात म्हाताऱ्या आणि एक फिलिपिनो काकू. पहिल्या दिवशी आई पुटपुटली. तिसऱ्या दिवशी फिलिपिनो काकूंनी आपला अर्धा भाग तागालोगमध्ये म्हटला, आईने उरलेला मराठीत. एक आयरिश आजी मग जोशात आल्या आणि त्यांनी आयरिशमध्ये सुरू केलं. त्यांची मातृभाषा! शाळेत शिकलेली नव्हे, डिंगलच्या पुढच्या गावातली, जिथे घरातही आयरिशच बोलतात. त्या म्हणाल्या, मीसुद्धा इथे इंग्रजीतच म्हणते, कॉर्कला येऊन चाळीस वर्षं झाली.

म्हणजे कामठीलाईनचा हिशोब अजून एक पायरी खाली जातो. आयरिश माणसालाही आयर्लंडमध्ये आपल्या भाषेतली मिस्सा शोधावी लागते. आम्ही एका रविवारी त्या आयरिश आजींना घेऊन त्यांच्या गावाला गेलो. सगळी मिस्सा आयरिशमध्ये. 'आर नाहिर' (आमच्या पित्या) ऐकल्यावर आई एकदम मराठीत सुरू झाली, तिच्या नागपूरच्या आवाजात. पुढच्या बाकावरचे वळले. मी चोरट्यासारखा जमिनीकडे बघितलं, पण हसू येत होतं.

कामठीलाईन

पुढच्या बाकावरचे वळले! बस. माझे पैसे वसूल.

केळीचीवाडी

आता फादर मिळाला का ते सांगा. धागा त्याचा आहे.

टेकडीखालचा

मिळाला. माजी_सेमिनेरियनच्या सल्ल्याने विद्यापीठांत विचारत सुटलो. डब्लिनला एक फादर संशोधनासाठी आहेत, आपल्याच महाराष्ट्रातले, मराठी उत्तम. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी येतो म्हणाले. ओळखपत्र आहे, आमच्या फादरांनी दुपारचा तास दिला आहे. मराठी प्रार्थनेचं पुस्तक त्यांच्याजवळ नाही. केळीचीवाडी, तुम्ही पाठवू शकाल का? व्यक्तिगत निरोप करतो.

आणि पापनिवेदन आधी अर्धा तास. आईने यादी सुरू केली आहे, असं मला वाटतं. माझ्याकडे अधूनमधून बघते.

केळीचीवाडी

पुस्तक उद्या कुरिअर करते. गाणी कोण म्हणणार?

टेकडीखालचा

आई, मी, डब्लिनहून येणारं एक वसईचं कुटुंब, आणि मंडळातल्या त्या काकू. हो, त्याच. पेटी त्यांच्याकडे आहे आणि ऐकल्यावर स्वतःच म्हणाल्या, वाजवते.

तर्रीपोहे

पोह्यांची तर्री मी कुरिअर करू का?

पवित्रवस्त्र

टिळकांचं एक तरी भजन घ्या. कॅथलिकांना चालतं ना?

माजी_सेमिनेरियन

चालतं. नियम विचारू नका, चालतं.

टेकडीखालचा

आत्ताच एक झालं, ते सांगून झोपतो. इथे नोव्हेंबर महिना मृतांचा. चर्चमध्ये पाकिटं ठेवतात, त्यात घरातल्या गेलेल्यांची नावं लिहून टाकायची, महिनाभर ती वेदीपाशी राहतात. नागपूरला आम्ही २ नोव्हेंबरला बाबांच्या कबरीवर शेवंती आणि मेणबत्त्या नेतो. आईला यंदा ते चुकणार याचं मनात होतं. तिने पाकीट मागून घेतलं आणि स्वयंपाकघरात बसून नावं लिहिली, देवनागरीत. बाबा, आजी-आजोबा, माझी एक बहीण जी जन्मल्यावर नऊ दिवस होती, शेवटी शेजारच्या एक पाटीलकाकू ज्या ख्रिश्चन नव्हत्याच.

मी फादरांना म्हटलं, हे मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. ते म्हणाले, काळजी करू नकोस, आम्ही कोणाचंच पाकीट उघडत नाही.